खंडेनवमीचा कॅन
झेंडूचा वास आला की मला कुरुळीच्या आमच्या वर्कशॉपमधलं मशिनी गार ठेवायला वापरून नासलेलं कूलंट आठवतं. खंडेनवमीच्या सकाळी आम्ही मशिनी घासूनपुसून पूजेला तयार करायचो, आणि त्यांतलं ते हिरवट, कुजक्या वासाचं तेलपाणी कॅनमध्ये भरून सरळ मागच्या ओढ्यात जायचं. त्या वर्षी माझ्या हाती कॅन आला आणि मी म्हणालो, "ओढ्यात नाही ओतणार." फोरमन वैतागला, "राव, सणासुदीला कशाला खोडा घालता? एवढा पुळका आहे तर घरी न्या!" मीही इरेला पेटून कॅन स्कूटरवर घातला आणि थेरगावला आणला. दारातच बायको म्हणाली, "उद्या दसरा. लोक घरात सोनं आणतात, तुम्ही हे काय आणलंत?" असलं तेलपाणी नेणाऱ्यांना फोन केला, तर म्हणे एका कॅनसाठी गाडी येत नाही, दहा-बारा जमले की कळवा. जमणार कुठून? बाकीच्यांनी मी निघताच आपापले कॅन ओढ्यात रिकामे केले होते. इतकी वर्षं झाली, तो कॅन आमच्या गॅलरीत वॉशिंग मशीनसाठी ठेवलेल्या जागेवर बसून आहे आणि बायको हातानं धुणं धुतेय. दर खंडेनवमीला ती त्यालाही हळदकुंकू वाहते.