पेपेभावोजींचे सहा महिने

"जरा सरकार बदलून येतो की," असं म्हणून पेपेभावोजी निघायचे, तेव्हा कोपऱ्यावरून दूध आणायला निघाल्यासारखा त्यांचा चेहरा असायचा. ल्यूटनहून विमान, पुढे बस, मग डोंगर आणि डोंगरावर त्यांचा देश, सान मारिनो. चारी बाजूंनी इटली, आणि आकाराने इंग्लंडमधल्या आमच्या मिल्टन कीन्स गावाहूनही लहान. तिथल्या नागरिकाला परदेशात राहून मताचा अधिकार असतो, पण मत द्यायला स्वतः जावं लागतं. भावोजी प्रत्येक निवडणुकीला जात, गुडघे दुखत असले तरी जात. परत आले की मी विचारायचो, "काय, बदललं का सरकार?"

"बदललं. परत बदलंल. आमच्याकडं सरकारला खुर्ची देत न्हाईत, डॉक्टर. स्टूल देतात."

जुझेप्पे हे त्यांचं खरं नाव. वडील बेडफर्डच्या वीटभट्टीवर कामाला आले, त्यांच्याबरोबर हे लहानपणी आले आणि पुढे फरश्या बसवू लागले. मी ज्या हॉस्पिटलमध्ये भूल द्यायचो, तिथली नर्स कुंदा ही त्यांची बायको. ती मिरजेकडची, माझी मानलेली बहीण. म्हणून हे माझे भावोजी, आणि मग साऱ्या मराठी मंडळाचेच भावोजी झाले. कुंदाने त्यांना तिच्या घरची मराठी शिकवली. त्यामुळे पुण्यात शिकलेल्या कन्सल्टंट डॉक्टरमंडळींना हा लालबुंद चेहऱ्याचा माणूस दारातच विचारायचा, "जेवलासा काय?" इथे जन्मलेली आमची मुलं आमच्यासमोर मराठी बोलायला लाजत. पेपेकाकांशी मात्र धडाधड बोलत, कारण चुका दोन्हीकडून व्हायच्या आणि हसायलाही दोघं असायचे.

कुंदा कॅन्सरने गेली. मूलबाळ नव्हतं. त्यानंतर ते मंडळाचा एकही कार्यक्रम चुकवत नसत. खुर्च्या मांडायला पहिले आणि हॉल झाडायला शेवटचे. एकदा मला म्हणाले, "घरात ती दिसत न्हाई. हितं आलो की वाटतं, आत स्वैपाकघरात असंल."

त्या सुमाराला मंडळात दोन तट पडले होते. एका बाजूला आम्ही जुने डॉक्टर, दुसऱ्या बाजूला आयटीत नोकरीला आलेले तरुण. अध्यक्ष मी होतो, बरीच वर्षं होतो, आणि मला ते पद आवडत होतं. वार्षिक सभेत भांडण विकोपाला गेलं, तेव्हा मागच्या रांगेतून भावोजी उठले. "आमच्याकडं दोन अध्यक्ष असतात," ते म्हणाले. "दोघं सारखे. सहा म्हैने. एकानं नको म्हटलं की दुसऱ्याचा हुकूम थांबतो. मुदत संपली की लोकांनी तक्रारी मांडायच्या आणि दोघांनी उभं राहून ऐकायच्या. शाळेत माझ्या बाकावर बसणारा पोरगा झाला होता तसा अध्यक्ष. सहा म्हैने देशाचा मालक. मग परत आपल्या दुकानात, चपला विकायला."

"आणि तक्रार दोघांपैकी एकाविरुद्धच असली तर?" एका तरुणाने विचारलं.

"तशी नसती. सही दोघांची."

सगळे हसले, पण भांडणं मिटत नव्हती म्हणून सहा महिने करून बघू असं ठरलं. जुन्यांनी मला निवडलं आणि तरुणांनी भावोजींना. मला वाटलं, बरं झालं, त्यांच्याकडून काही अडचण व्हायची नाही.

त्या उन्हाळ्यात त्यांनी फार कामं केली. हॉलची गळकी मोरी दुरुस्त केली, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना गाडीने आणण्याची पाळी लावली. प्रत्येक निर्णय घेताना मला फोन करत. माझ्या "हो"शिवाय ते चहाची पूडसुद्धा बदलत नसत. मला त्याची गंमत वाटायची.

गणपती आले. आमच्या प्रसादाचे उकडीचे मोदक सुमनताई करत. मंडळ कुणाच्या तरी फ्रंटरूममध्ये भरायचं तेव्हापासून त्याच करत आल्या होत्या. आता सत्तरी उलटली होती, बोटं संधिवाताने वाकडी झाली होती आणि कळ्यांना पूर्वीची सफाई राहिली नव्हती. त्या वर्षी मी टाउनच्या मेयरना बोलावलं होतं. मला सगळं देखणं हवं होतं. लंडनमधल्या ईलिंगचा एक केटरर साच्यातले एकसारखे मोदक पाठवायला तयार होता. मी भावोजींना सांगितलं.

"नको," ते म्हणाले.

"का?"

"ताईंना कोण सांगणार? आणि सांगितल्यावर त्या काय करणार दिवसभर?"

आमच्या ठरावाप्रमाणे विषय तिथे संपला होता. मी "बरं" म्हणालो आणि दुसऱ्या दिवशी केटररला फोन केला. मोदकासारख्या गोष्टीत एका फरशीवाल्याने मला अडवावं, हे मला पटलं नव्हतं. हे वाक्य लिहिताना आजही हात थांबतो, पण मनात आलं होतं ते हेच. सुमनताईंना सांगायचं मी आज-उद्या करत राहिलो आणि सांगितलंच नाही.

आरतीच्या वेळी त्या टॉवेलमध्ये गुंडाळलेले दोन मोठे डबे घेऊन आल्या. टेबलावर केटररचे ट्रे मांडलेले होते आणि मेयरबाईंच्या हातात मोदक होता. वाढणारी मुलगी भाबडेपणाने म्हणाली, "आज्जी, प्रसाद ऑलरेडी आला आहे." ताईंनी डबे उघडले नाहीत. आरती झाल्यावर तसेच उचलून घरी नेले. भावोजींनी लांबून ते पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं.

ऑक्टोबरात आमची मुदत संपली आणि तक्रारींची सभा भरली. आम्ही दोघं पुढे उभे होतो. सुमनताई आल्या नव्हत्या, त्यांची सून उठली. "आईंनी तेव्हापासून स्टीमरला हात लावलेला नाही. एक फोन करता आला नसता का? कुणी ठरवलं हे?"

मी तोंड उघडायच्या आत भावोजी म्हणाले, "आम्ही ठरवलं."

मग कुणीतरी समजुतीच्या सुरात म्हणालं, "जाऊ दे गं. भावोजींना काय माहीत मोदक म्हणजे काय. बाहेरच्या माणसाला कसं कळणार? इट्स नॉट हिज फॉल्ट."

लोक हलकेच हसले. त्यात वाईट हेतू नव्हता, आणि म्हणूनच ते जास्त लागलं असावं. भावोजींची मान खाली गेली. सगळ्यांनी मनातल्या मनात निकाल लावून टाकला होता. ते चूक ठरले होते आणि मी सुटलो होतो. मला एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हणालो, "झालं ते झालं. लेट्स मूव्ह ऑन." सभा संपली.

कारपार्कमध्ये मी त्यांना गाठलं. "तुम्ही सांगितलं का नाहीत, की तुम्ही नको म्हणाला होतात म्हणून?"

"मी कसा सांगणार, डॉक्टर? ते तुमी सांगायचं व्हतं."

"पुढच्या सभेत सांगतो," मी म्हणालो. त्यांनी मान डोलावली. पुढच्या सभेत मी सांगितलं नाही, त्याच्या पुढच्याही नाही. ते दोन्ही सभांना आले आणि मागच्या रांगेत बसले. नंतर यायचे बंद झाले. पुढच्या वर्षी घर विकून ते आपल्या डोंगरावर राहायला गेले. मी ल्यूटनला सोडायला गेलो होतो. वाटेत सगळा वेळ ते राउंडअबाउटांना नावं ठेवत होते. मोदकांबद्दल अवाक्षर काढलं नाही. उतरताना माझ्या खांद्यावर हात ठेवून "जेवत जावा वेळेवर" म्हणाले.

दोन हिवाळ्यांनंतर त्यांच्या भाचीची ईमेल आली. पायऱ्या चढताना हार्ट अटॅकने गेले होते. मंडळाने शोकसभा घेतली. खूप जण बोलले, मनापासून बोलले. एक जण म्हणाले, "लाखमोलाचा माणूस. तो मोदकांचा घोटाळा सोडला, तर त्यांच्या हातून कधी काही चुकलं नाही." सगळ्यांनी प्रेमाने माना हलवल्या. मीही हलवली.

त्या रात्री झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी सुमनताईंकडे गेलो. त्या खिडकीपाशी बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. भावोजी नको म्हणाले होते, फोन मी केला, तुम्हाला मुद्दाम कळवलं नाही, आणि सभेत गप्प बसलो. त्या रागावतील अशी माझी तयारी होती. रागावल्या असत्या तर मला हलकंसुद्धा वाटलं असतं.

त्यांनी आपली वाकडी बोटं पदराखाली घेतली.

"सभेच्या दुसऱ्या दिवशी ते आले होते इथे," त्या म्हणाल्या. "म्हणाले, ताई, मोदक शिकवा मला. मी दार पुरतं उघडलंसुद्धा नाही. म्हटलं, तुम्हाला नाही जमायचं ते, तुम्ही आपल्यातले नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही आज येऊन सांगून मोकळे झालात, डॉक्टर. मी आता कुणाकडे जाऊ?"