गिरदावरसाहेबांची अठ्ठावीस इंची सायकल

टायर फुटल्याचा आवाज आला की मला अजून कळंबचा बाजार आठवतो. निजामाचं राज्य होतं. हुसेनचाचांच्या सायकलच्या दुकानात मी चाकं बांधायचो. मी बोलायला सावकाश, म्हणून लोक आपलं बोलणं माझ्यापाशी ठेवून जायचे. पंक्चरच्या डब्यात रबराचे तुकडे साठतात, तसे किस्से साठत गेले.

तो आवाज शिवलिंगअप्पांच्या टायरचा. अप्पा धान्याचे आडते. बारीक टायर, त्यात हवा जितकी कडक तितकी सायकल पळते, असं त्यांना कुणी तरी सांगितलेलं. पंप मारतच राहिले. टायर फुटलं आणि पोलीस जमादार ज्वारीच्या पोत्यांमागं जाऊन बसले.

अप्पा म्हणाले, "जमादार, या बाहेर. हवा होती, गेली."

*

गिरदावरसाहेब म्हणजे महसुलाचे अंमलदार. उंचीनं बेताचे, सायकल मात्र अठ्ठावीस इंची. चाचांनी सव्वीसचं चाक सुचवून बघितलं.

"सव्वीसवर पोरं बसतात," साहेब म्हणाले. "मी सरकार आहे."

त्यांना चढायला ओटा लागायचा, उतरायलाही. एकदा तेर गावात ओटा सापडेना. कुणी सायकल धरेपर्यंत साहेब चावडीसमोर गोल फिरत राहिले. गावकरी हात जोडून उभे.

"साहेब, आमच्या विहिरीच्या अर्जाचं काय झालं?"

तिसऱ्या फेरीला साहेब म्हणाले, "मंजूर. धरा आता."

*

एकदा भर बाजारात साहेब आमच्या दुकानासमोरच पडले. कुणी हसलं नाही, ते जास्त वाईट.

"चाचा, आठ दिवसांत माझे पाय टेकले पाहिजेत. चाक अठ्ठावीसच राहील. न्हाय तर तुमचं दुकान उठवतो."

दुकान सरकारी जागेत, परवाना साहेबांच्या हातात. चाचांचं सगळं घर त्या पत्र्याखाली जगायचं.

सीट आधीच तळाला गेलेली. आम्ही गुपचूप सव्वीसची चाकं घातली, ब्रेकच्या सळ्या लांबवल्या. चाक लहान दिसू नये म्हणून टायर चांगलं जाड घातलं. चाकात दोन इंचांचा फरक, सीट खाली आली जेमतेम इंचभर. तेवढ्यानं साहेबांचे अंगठे टेकले.

"काय केलंत?"

"सायकल अब मालिक को पैचानने लगी, साब."

*

जाड टायर मऊ चालतं. चार दिवसांनी साहेब खुशीत आले.

"येरमाळ्याचा रस्ता लई चांगला केलाय."

अप्पा म्हणाले, "तुमचा वचक, साहेब."

त्या रस्त्यावरचा खडासुद्धा हलला नव्हता. साहेबांनी मात्र वर रस्ता सुधारल्याचा अहवालही पाठवला म्हणे.

*

पण काळ्या रानातला चिखल जाड टायरला सोडत नाही. एका दुपारी साहेब सायकल ढकलत आले. मडगार्डात चिखल बसून चाक फिरेना. मी पाणी आणायला वळलो, तोवर ते स्वतःच खाली बसून काडीनं चिखल काढायला लागले. टायरवरचा आकडा उघडा पडला. साहेबांची काडी थांबली. चाचांचा हात पंपावरच राहिला.

अप्पा मागून वाकले. "किती नंबरचं चाक हाय म्हणं, साहेब?"

साहेबांनी चाचांकडं बघितलं, वरच्या पत्र्याकडं बघितलं. मग खाली पडलेला चिखल बोटावर घेतला, आकड्यावर नीट लिंपला आणि सायकल ढकलत निघून गेले.