कॅम्प चारमधली हाक

तीन वर्षं नैराश्याच्या गोळ्या बदलून झाल्या होत्या. अंबरनाथच्या शिवमंदिराजवळ राहूनही मला देवळाची घंटा नकोशी वाटायची. खरं सांगायचं तर जगणंच नकोसं झालं होतं. सासूबाई म्हणायच्या, "नाटकां करते." त्यांचा राग यायचा, पण रागवायचंही त्राण नसायचं.

शेवटी उल्हासनगर कॅम्प चारमधल्या डॉक्टरांनी नाकात फवारायचं नवं औषध सुचवलं. रोजची गोळी चालूच. फवारा मात्र दवाखान्यातच घ्यायचा, मग दोन तास तिथेच बसायचं आणि सोबत घरचं माणूस हवंच. नवऱ्याची ड्यूटी, म्हणून सासूबाई आल्या, त्याही तोंड वाकडं करून.

फवारा घेतल्यावर थोड्याच वेळात माझे हात माझे राहिले नाहीत. खोली लांब लांब जात होती. घड्याळ भिंतीवर होतं, टिकटिक माझ्या छातीतून येत होती. मी डोलू लागले, काहीबाही पुटपुटू लागले, आणि सासूबाईंना वाटलं, माझ्या अंगात आलं! त्यांच्याकडे अंगात आलं की देवीला प्रश्न विचारतात. त्यांनी बटव्यातलं कुंकू माझ्या कपाळाला लावलं आणि पायाशी बसून रडत विचारलं, "आई, माजी सून वाचंल का गो?"

मी ते विहिरीच्या तळाशी बसून ऐकावं तसं ऐकलं. मग माझ्याच तोंडातून एक जाडसर, म्हातारा आवाज निघाला, "चिमे, तिला एकली नको सोरू." म्हणजे, तिला एकटी सोडू नकोस.

नर्स धावत आली. "आंटी, दवा का असर है, अभी उतर जाएगा." औषध उतरलं, पण सासूबाई माझा हात सोडेनात. त्यांना चिमी म्हणायची ती फक्त त्यांची आजी, आणि तिला जाऊन चाळीस वर्षं झाली. मी नगरकडची, मला सासरची आगरी बोली बोलता येत नाही. कधी लग्नकार्यात ते नाव कानावर पडलं असेल का? असेलही. मी शोधत बसले नाही.

पुढच्या प्रत्येक वेळी त्याच सोबत आल्या. हळूहळू मला भूक लागू लागली, झोप येऊ लागली. औषधाचे आणि डॉक्टरांचे उपकार आहेतच. त्या दिवशी कोण बोललं, ते त्या शिवमंदिरातल्या देवालाच ठाऊक. मी त्याच्यापुढे रोज हात जोडते. आधार मागण्यात मला फार कमीपणा वाटायचा, तो त्याने काढून घेतला.

परवा जीव पुन्हा घाबरा झाला. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि सासूबाईंना म्हणाले, "आई, माझ्याजवळ बसा." त्यांनी गॅस बंद केला आणि बसल्या.