गाण्याच्या मास्तरांची ग्रँट

चार शिक्षक एका खोलीत बसले की वह्या तपासायच्या राहतात आणि किस्से साठतात. नल्लकुंट्याच्या आमच्या मराठी शाळेत तर हैदराबाद राज्य मोडलं तेव्हा इतके साठले, की हसावं की रडावं कळेना! मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आम्ही इथे हैदराबादेतच राहिलो. नव्या सरकारने ग्रँट थांबवली तर कुणाची नोकरी जाणार, एवढीच धास्ती.

*

पहिली कुऱ्हाड ड्रॉइंगच्या दिगंबर मास्तरांवर. पद रद्द! हेडमास्तरांनी त्यांना भूगोल दिला. त्यांनी नव्या राज्याचा फळाभर नकाशा असा देखणा काढला, की आम्ही सगळे बघायला गेलो. मास्तर खडू झटकत म्हणाले, "जमलाय छान. फक्त माझं गाव भिंतीवर गेलंय!"

*

मग पाळी गाण्याच्या लिंबाजी मास्तरांची. पद गेलं तर म्हाताऱ्या आईला घेऊन परभणीला भावाच्या दारात जायचं. मी त्यांच्यासोबत कोठी भागातल्या शिक्षण खात्याच्या ऑफिसात गेले.

क्लार्कने विचारलं, "इम्तेहान लेते?"

"घेतो की."

"फेल कित्ते होते?"

"एकही नाही."

"फिर सब्जेक्ट कैसा हुआ जी!"

*

हे ऐकून हेडमास्तरांचं धाबं दणाणलं. "मास्तर, दोन-चार नापास करा हो!"

लिंबाजी मास्तर कधी नव्हे ते भडकले. "काहींना सूर उशिरा लागतो, सर. उशीर झाला म्हणून मारायचं का पोराला?"

उशिरा येणाऱ्यांना हेडमास्तर रोज गेटवर छड्या द्यायचे. त्यांनी टेबलावरची छडी हळूच खणात सारली!

*

इन्स्पेक्टर आले. आदल्या दिवशी हेडमास्तरांनी मास्तरांच्या नकळत फर्मान काढलं होतं : बेसूर पोरांनी मागे उभं राहून नुसते ओठ हलवायचे. प्रार्थना इतकी सुरेल झाली, की पेटीवर बसलेले मास्तरच चमकले!

इन्स्पेक्टरसाहेब उठले आणि मागच्या रांगेशी जाऊन उभे राहिले.

"अब सिरफ ये लाइन गाएगी."

पोरं मास्तरांकडे बघू लागली. मास्तरांनी मान हलवली, सूर धरला, आणि पोरं सुटली! एक या पट्टीत, दुसरं त्या पट्टीत. साहेबांनी शेवटची ओळ संपेपर्यंत ऐकलं. मग वळले.

"इनको चुप कौन कराया?"

"साहेब, ते… बेसूर आहेत," हेडमास्तर पुटपुटले.

"तो? आगेवाले तो घर में बी गा लेते. मास्टर को तनखा हम इनके वास्ते देते!"