कळीवरचा मुकुट

माझं शिक्षण चौथीपर्यंत. शुद्धलेखन चुकलेलं असेल, आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. ही वही कुणाच्या हाती लागलीच तर माफ करावं. तोंडानं बोलायला मला जमत नाही, म्हणून लिहिते.

सर भिंग लावून बसले होते. मी समोर पिस्तूल धरून उभी होते.

"बाई, हा मुकुट बघा. माझ्या एकाही पुस्तकात असला मुकुट नाही. लई दुर्मिळ नग हाती लागलाय."

मुकुट मला बघताक्षणीच ओळखू आला होता. पण तोंड उघडेना.

सर बँकेतून रिटायर झालेले. धाराशिवला त्यांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत जुनी हत्यारं आणि भांडी मांडलेली आहेत. शाळेची पोरं बघायला येतात. आठवड्यातून तीन दिवस मी तिथं लोखंड-पितळ साफ करते. हे काम मला येतं, कारण आमचं बंदूक दुरुस्तीचं लायसनचं दुकान होतं. वीस वर्षं मी ह्यांच्या शेजारी बसून कानस मारली, तेल दिलं. हे गेले आणि दुकान बंद झालं. त्याला सात वर्षं झाली.

हे पिस्तूल ठासणीचं. म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी घालून गजानं ठासायची. आता ते चालत नाही, तसा कागद आहे. बाजूला घोडा आणि आतली स्प्रिंग ज्या लोखंडी पाटीवर बसवतात, त्या सगळ्याला मिळून कळ म्हणतात. इंग्रज सरकारचं हत्यार असलं की पाटीवर त्यांच्या राजाचा मुकुट कोरलेला असतो. त्या मुकुटाच्या घडणीवरून सर काळ ठरवत होते. ईट गावच्या गणपतरावांनी सगळे पार्ट मूळचे आहेत असं सांगून ते विकलं होतं आणि सरांनी पूर्ण पैसे मोजले होते.

राजाचा मुकुट वर गोल फुगीर असतो आणि त्यावर क्रूस असतो. हा मुकुट पायरीपायरीनं वर गेलेला. दोन्ही बाजूंना झुपके लोंबत होते. असला मुकुट तुळजापूरच्या देवीचा. आमचे हे दर मंगळवारी दर्शनाला जायचे. दुसरा मुकुट त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

"सर, कळ काढून बघू का?" मी कसंबसं विचारलं.

"हळू. ओरखडा नको."

घोडा अर्ध्यावर चढवला, म्हणजे स्प्रिंगचा जोर लाकडावर येत नाही. दोन स्क्रू सोडले. दस्त्याला हळूच टिचकी मारली तशी पाटी हातात आली. उलटी केली. शेपटाकडं ज्वारीच्या दाण्याएवढा खळगा होता.

ती ह्यांची खूण. नवा पार्ट केला की आतून एक दाणा ठोकायचे. म्हणायचे, "उद्या दुसऱ्या मिस्त्रीनं उघडलं तर त्याला कळलं पाहिजे, ह्ये नवं हाय."

मी त्या खळग्यावर अंगठा ठेवला. ओळखीचा लागला. सात वर्षांत ह्यांच्या हातची एकही गोष्ट माझ्या हातात आली नव्हती. अवजारं कर्जापायी गेली, शर्ट पोरांनी वापरून फाटले. अंगठा उचलावासा वाटेना.

"काय झालं बाई?"

"ही पाटी आमच्या ह्यांनी केलीय."

सरांनी भिंग खाली ठेवलं. "म्हणजे नकली! तुमच्या घरात असले धंदे चालत होते?"

मी कधी उलट बोलत नाही. त्या दिवशी बोलले. "फसवायचं असतं तर आत खूण कशाला केली असती, सर?"

सर उठले. पाटी घेऊन उजेडात गेले. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "नळी काढा. ती तरी खरी आहे का बघू."

नळीच्या पोटाला कारखान्याचे बारीक शिक्के होते. लाकडात झाकलेले, कुणी हात न लावलेले. दुपारभर सर पुस्तकं उलटीपालटी करत होते. नळीच्या बाजूला एक जुनं भोक रुंद करून त्यात टोपी अडकवायचं बोंड बसवलेलं होतं. मी ते दाखवलं. आधी चकमकीच्या ठिणगीनं दारू पेटवायचे, पुढं घोडा आपटला की फुटणारी तांब्याची टोपी आली. म्हणजे पिस्तूल चकमकीच्या काळातलं आणि टोपीसाठी नंतर बदललेलं. शिक्केही जुळले. कंपनी सरकारच्या फौजेतलं, सत्तावनच्या बंडाआधीचं. नळी खरी, लाकूड खरं.

"आणि हा मुकुट कधीचा म्हणायचा?" सरांनी विचारलं.

"आमचा थोरला पाळण्यात होता तेव्हाचा."

सर हसले. मला हसू आलं नाही. पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून हे मुकुट कोरत होते. पोरगं रडलं की पाय हलायचा, हात हलायचा नाही. ते सगळं डोळ्यापुढं आलं.

दुसऱ्या दिवशी गणपतराव आले.

"व्हय, वैनी. पाटी मोडली होती. मीच म्हणलं होतं, मुकुट घाला म्हणून. सरास्नी सांगायचं राहिलं."

"राहिलं का मुद्दाम ठेवलं?" सर म्हणाले. "अर्धी रक्कम परत करा. नाहीतर पिस्तूल न्या आणि सगळी द्या."

"सर, त्या पैशाचे दात बसवले." गणपतरावांनी नवीकोरी कवळी दाखवली. "अर्धे दात काढून देऊ का?"

शेवटी हप्ते ठरले. दिवाळीपर्यंत अर्धी रक्कम आली नाही, तर पिस्तूल ईटला परत. व्यवहार त्या दोघांचा. पण गणपतराव दारात दिसले की माझा जीव भांड्यात पडायचा आणि एखादा महिना चुकला की काम सुधरायचं नाही. मंगळवारी पिस्तुलाला तेल द्यायची पाळी. चिंधी मी पाटीवरच जास्त वेळ फिरवायची. सरांना दिसत असणार.

मधे सरांनी कार्ड करायला घेतलं. कपाटात वस्तूपुढं माहितीचं कार्ड ठेवतात. "पाटी कुणी केली ते लिहायचंय. नाव सांगा."

नवऱ्याचं नाव मी लग्नातल्या उखाण्यानंतर तोंडानं घेतलेलं नाही. सरांनी कागद-पेन पुढं सरकवलं.

ह्यांचं नाव मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं. दोनदा खोडलं. सर म्हणाले, छापून आणतो. पण छापलेल्या कार्डावर त्यांनी तेवढी जागा कोरी ठेवली आणि माझाच कागद कापून तिथं चिकटवला.

या धंद्यात शिकण्यासारखं एकच. वरची बाजू बघून काळ सांगू नये. आधी पाटी उलटी करावी.

दिवाळीच्या आधल्या आठवड्यात गणपतराव आले. शेवटचा हप्ता टेबलावर ठेवला आणि मला म्हणाले, "वैनी, इथंच ऱ्हायलं बघा तुमचं पिस्तूल." सरांनी पैसे मोजून घेतले. रजिस्टरात लिहिलं, रक्कम पूर्ण फिटली.