तुंगार्लीच्या फाट्यावर दोरी

त्या रविवारी दुपारी मला बघायला पाहुणे यायचे होते, म्हणूनच मी सायकल शर्यतीला स्वयंसेवक म्हणून नाव दिलं. एका दिवसाची शर्यत, परदेशातले व्यावसायिक खेळाडू, मावळातून लोणावळ्याकडे चढणार आणि तेवढा वेळ रस्ते बंद. घरी उशीर झाला, तर दोष शर्यतीचा. आईने कबूल केलं होतं, की हो-नाही मीच सांगायचं. माझं नाही सकाळीच ठरलेलं होतं.

मला तुंगार्लीच्या फाट्यावर उभं केलं होतं. टोपी, गॉगल, तोंडावर स्कार्फ, गळ्यात शिट्टी, हातात दोरीचं टोक. सूचना अशी, की शर्यतीची शेवटची गाडी जाईपर्यंत कुणालाही सोडायचं नाही.

दोरीपाशी पहिली गाडी थांबली आणि पुढच्या सीटवरच्या बाईंना मी ओळखलं. बायोडेटाच्या फोटोत त्या मुलाशेजारी होत्या. रस्ता बंद व्हायच्या आत पोचावं म्हणून लवकर निघाले होते आणि नेमके माझ्याच दोरीला अडले. त्या म्हणाल्या, मुलगी बघायला चाललोय, सोड गं. मी नुसती नकारार्थी मान हलवली.

मागे स्कूटरवर एक आबा होते. त्यांनी बाईंना समजावलं, "तिला मराठी कळत न्हाई. शर्यतवाले इंग्लिश पोरी आणत्यात पुन्याहून."

मी अजिबात न कळल्यासारखा चेहरा केला. स्कार्फमुळे ते सोपं होतं.

मग बाई मोकळेपणाने बोलू लागल्या. मुलगी इंग्लिश मीडियमची, बोलत नाही म्हणे. म्हणजे लाजरी, नाहीतर शिष्ट. आधी पेपर वाचायला लावू, आवाज तरी कळेल.

गाडी चालवणारा मुलगा म्हणाला, "मग मीपण वाचतो. तिलाही आवाज कळायला नको?"

"तू गप्प बस."

तेवढ्यात सायकली आल्या. टायरांचा सरसराट, वाऱ्याचा झोत, आणि दोन श्वासांत रस्ता रिकामा. एवढ्याचसाठी थांबवलं होय, म्हणत आबांनी स्कूटर दोरीखालून घातली. मी स्कार्फ खाली ओढला आणि जिवाच्या आकांताने शिट्टी फुंकली. आबा जागीच थिजले. मीसुद्धा. घाईघाईने स्कार्फ वर घेतला.

बऱ्याच वेळाने एकटाच सायकलस्वार आला. गुडघा सोललेला, मान खाली. मुलगा गाडीतून उतरला आणि सायकलस्वार वळणाआड जाईपर्यंत टाळ्या वाजवत राहिला. त्याची आई गाडीतून हाका मारत होती, लोक बघतायत म्हणून. सकाळी ठरलेलं माझं नाही तिथे जरा डळमळलं.

शेवटची गाडी गेली. मी दोरी सोडली. मुलगा जवळ येऊन हळूच आमच्या घराचा पत्ता विचारू लागला.

"सरळ जा," मी म्हणाले. "मग तळ्याला पूर्ण वळसा घाला."

मराठी ऐकून आबांची स्कूटर बंद पडली.

"आणि तुम्ही कुठून जाणार?" मुलाने विचारलं. शिट्टीसाठी स्कार्फ खाली आला तेव्हाच त्याने मला फोटोवरून ओळखलं असणार. आईला मात्र काही सांगितलं नव्हतं.

"जवळच्या वाटेने."

"आम्ही किती वेळ काढू?"

"वीस मिनिटं. मला साडी नीट नेसता येत नाही."

तो गाडीत बसला आणि आईला म्हणाला, इतक्या लांब आलोय, तर तळं बघूनच जाऊ.