गुलाबमावशीचा ताप

गुलाबमावशीचं निदान दवाखान्याच्या फाटकातच व्हायचं, आणि ते तीच करायची. "खोकला हाय डॉक्टर, औषध द्या, चालले मी." आवाज खर्जातला, अंगावरचं पातळ भडक लाल. गावोगाव फिरून नव्या बाळांना आशीर्वाद देणारी ही तृतीयपंथी मावशी. बाकड्यावरची माणसं हसायच्या आत ती स्वतःच हसून घ्यायची.

नव्वदच्या दशकात बाळापूरकडच्या एका सरकारी दवाखान्यात मी नवाकोरा डॉक्टर होतो. मलाही हे सोयीचं होतं. खिडकीतून बाटली दिली की काम संपलं. हिला तपासायचं कसं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि विचारायची लाज.

एका सकाळी ती काही न बोलता आली. धाप लागलेली. आत घेतलं, तर सगळं बाकडं दारात गोळा. मी ऐटीत स्टेथोस्कोप तिच्या पाठीला लावला, मान डोलावली, "हं, हं" केलं.

"नळी कानात घाला साहेब," ती धापेतच म्हणाली. "गळ्यात ठिवून काय आयकू येऊन राहिलं?"

दारातले हसले. तिला सोडून दुसऱ्या कुणाला ते त्या दिवशी पहिल्यांदाच हसत होते.

कानात घातल्यावर ऐकू आलं ते वाईट होतं. न्यूमोनिया. भरती करणं भाग होतं, पण ती उठलीच. "गोळ्या द्या. मला कुठं ठिवता?"

खरंच, कुठं? खोल्या दोनच, एक पुरुषांची, एक बायकांची. मी व्हरांड्यात खाट टाकायला सांगितलं आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झालो. दिवस कडाक्याच्या थंडीचे, हे काही सुचलं नाही. बायकांच्या खोलीतून तांड्यावरची एक ऑपरेशन झालेली बाई म्हणाली, "माझं लेकरू घरात येऊन मांडीवर घेतलं मावशीनं. आता तिला बाहेर काहून?" आणि टाके सांभाळत तिनं शेजारच्या खाटेवरची आपली पिशवी उचलली.

चार-पाच दिवसांनी ताप उतरला. घरी जा म्हणालो, तर मावशी गाठोडं बांधून तशीच बसून राहिली.

"आजची रात राहू द्या साहेब. लाइट गेली का या बायका बोलत बसतात. सासूचं, नवऱ्याचं. मधीच मला इचारतात, मावशी, तुमी सांगा. मला आजवर कुणी इचारलं न्हाई."

मी गंभीर चेहऱ्यानं नर्सबाईंना म्हणालो, "ताप आहे अजून."

त्यांनी थर्मामीटर झटकला, उजेडात धरला. "व्हय, हाय की," म्हणाल्या, आणि पायानं गाठोडं खाटेखाली सरकवलं.